सीएसआर आपल्याच कॉम्प्युटरवर बनवा: एक्ससीए वापरून सर्टिफिकेटचा अर्ज, पहिल्या क्लिकपासून सर्व्हरपर्यंत

मार्च महिना, हळदीची आवक जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीतून सकाळी साडेसातला फोन आला. दिवाणजी बोलत होते. "साहेब, आपली वेबसाइट उघडली की 'सुरक्षित नाही' असं येतंय. बाहेरगावचे खरेदीदार विचारायला लागलेत, हॅक झाली का म्हणून." हॅक वगैरे काही झालं नव्हतं. वेबसाइट खरी आणि तिच्याशी होणारी जोडणी सुरक्षित असल्याचा जो डिजिटल दाखला असतो, त्या सर्टिफिकेटची मुदत आदल्या रात्री संपली होती. नवं सर्टिफिकेट चार दिवसांपूर्वीच मेलमध्ये येऊन पडलं होतं, ते फक्त सर्व्हरवर चढवायचं राहिलं होतं.

मी गेलो, चढवायला बसलो, आणि ते चढेना. त्याच्या जोडीची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, कुणाकडेच नव्हती. पेढीचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या मुलानं एका ऑनलाइन पानावर नाव-गाव भरलं, दोन चौकटींत मजकूर आला, वरच्या चौकटीतला त्यानं कॉपी करून सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीला पाठवला आणि पान बंद केलं. प्रायव्हेट की खालच्या चौकटीत होती. त्या मुलाला बोल लावण्यात अर्थ नाही, खालचा मजकूर जपून ठेवायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण पैसे मोजून आणलेलं सर्टिफिकेट त्या घटकेला बिनकामाचं होतं.

शेवटी दिवाणजींच्या शेजारी बसून त्यांच्याच कॉम्प्युटरवर अर्ज नव्यानं बनवला. कंपनीकडे 'रीइश्यू' मागितलं. मुदतीच्या आत सर्टिफिकेट पुन्हा काढून द्यायला बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत, हे लक्षात ठेवा, म्हणजे अशा वेळी दुसऱ्यांदा खरेदी करणार नाही. दुपारच्या आत साइट सुरळीत झाली. त्या दिवशी जे केलं तेच इथे क्रमानं लिहितो आहे.

अर्जात काय जातं, काय जात नाही

सीएसआर म्हणजे सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट, सरळ मराठीत सर्टिफिकेट मिळण्यासाठीचा अर्ज. हा अर्ज बनवताना कॉम्प्युटर आधी दोन किल्ल्यांची जोडी तयार करतो. एक पब्लिक की, जी जगाला दाखवायची, आणि दुसरी प्रायव्हेट की, जी कुणालाही दाखवायची नाही. पुढे मी हिला नुसतं 'किल्ली' म्हणेन. अर्जात तुमचं नाव, गाव, वेबसाइटचा पत्ता आणि पब्लिक की असते, आणि या सगळ्यावर किल्लीनं केलेली डिजिटल सही असते. ती सही तपासली की सर्टिफिकेट देणाऱ्याला कळतं, अर्जदाराकडे जोडीतली किल्ली खरोखर आहे. किल्ली स्वतः अर्जात नसते. अर्जाचा हा साचा पीकेसीएस १० या नावानं ओळखला जातो आणि २००० सालच्या आरएफसी २९८६ या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात तो सविस्तर लिहिलेला आहे. म्हणूनच अर्ज कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये बनवला तरी कुठलीही कंपनी तो वाचू शकते.

बँकेत खातं उघडताना आपण सहीचा नमुना कार्डावर देतो. बँक पुढे चेकवरची सही त्या नमुन्याशी ताडून बघते. नमुना बँकेकडे राहतो, सही करणारा हात आपल्याकडेच राहतो. सीएसआर म्हणजे ते नमुन्याचं कार्ड.

इथे एक नेहमीचा गोंधळ दूर करतो. आपल्याकडे 'सीए' म्हटलं की चार्टर्ड अकाउंटंट डोळ्यांपुढे येतो आणि 'डिजिटल सर्टिफिकेट' म्हटलं की जीएसटी किंवा ई-टेंडरसाठी लागणारा डीएससीचा यूएसबी टोकन. या लेखातला सीए म्हणजे सर्टिफिकेट देणारी संस्था, सर्टिफिकेट ऑथॉरिटी. डीएससी हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली परवाना मिळालेल्या संस्था देतात आणि ते माणसाच्या सहीसाठी असतं. ते वेबसाइटला लावता येत नाही. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. डीएससीची किल्ली टोकनच्या आतच तयार होते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. वेबसाइटच्या किल्लीला असं टोकनचं कवच बहुधा नसतं, तिथे ती शिस्त आपल्यालाच पाळावी लागते.

पाळली नाही तर काय होतं? २०१८ साली परदेशातल्या एका सर्टिफिकेट विक्रेत्यानं ग्राहकांच्या तब्बल २३ हजार किल्ल्या स्वतःकडे साठवून ठेवल्याचं उघड झालं, आणि त्यानं त्या चक्क ईमेलनं पाठवल्या. ती सगळी सर्टिफिकेटं रद्द करावी लागली. ग्राहकांनी सोय म्हणून विक्रेत्याच्या पानावर अर्ज बनवला, तिथेच किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. त्यामुळे माझा आग्रह एवढाच आहे: किल्ली जिथे वापरायची त्या सर्व्हरवर, नाहीतर आपल्या ताब्यातल्या कॉम्प्युटरवर तयार झाली पाहिजे. ऑनलाइन पान कितीही सोपं दिसलं तरी ती किल्ली आणखी कुठे राहिली का, हे तुम्हाला तपासता येत नाही.

साधन कोणतं घ्यावं

लिनक्स सर्व्हरवर काळ्या पडद्यात काम करण्याची सवय असेल तर ओपनएसएसएल आहेच, एका ओळीच्या कमांडमध्ये अर्ज तयार होतो. विंडोज सर्व्हरवर आयआयएस मॅनेजरमध्येही सोय आहे, पण तिथला विझार्ड एकच नाव विचारतो, जास्तीची नावं भरायला जागा देत नाही. शिवाय अर्ज ज्या मशिनवर बनवला त्याच मशिनवर पूर्ण करावा लागतो. मधल्या काळात कुणी सर्व्हर फॉरमॅट केला तर किल्ली गेली.

पेढी, पतसंस्था, शाळा, छोटा कारखाना अशा ठिकाणी मी एक्ससीए वापरतो. ख्रिस्टियान होनश्टेट यांनी लिहिलेलं हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. किल्ल्या, अर्ज आणि सर्टिफिकेटं एकाच फाइलमध्ये राहतात, त्यातल्या किल्ल्या पासवर्डखाली, कोणत्या किल्लीचं कोणतं सर्टिफिकेट हे समोर दिसतं, आणि सगळं खिडकी-बटणांवर होत असल्यामुळे दिवाणजींसारख्या माणसालाही पुढच्या वेळी एकट्यानं करता येतं. ते होनश्टेट यांच्या स्वतःच्या साइटवरून किंवा गिटहबवरच्या त्यांच्या पानावरूनच उतरवा. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. उबंटू आणि डेबियनवर नेहमीच्या पॅकेजांतच आहे.

डेटाबेस

एक्ससीए उघडल्यावर 'फाइल' मेनूतून 'न्यू डेटाबेस' घ्या. फाइलला नाव द्या, शेवटी डॉट एक्सडीबी लागेल. ती डेस्कटॉपवर टाकू नका, एखाद्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. लगेच पासवर्ड विचारला जातो. किल्ल्या याच पासवर्डनं कुलूपबंद होतात. चौकट रिकामी सोडली तर किल्ल्या उघड्याच राहतात, आणि पासवर्ड विसरलात तर त्या परत मिळवण्याची कोणतीही वाट नाही. म्हणून पासवर्ड लांब घ्या आणि कागदावर लिहून पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा. पेढीत तिजोरी असतेच, आणि अशा पासवर्डासाठी ती मला पासवर्ड मॅनेजरइतकीच भरवशाची वाटते.

नवा अर्ज

वरच्या पट्टीत 'प्रायव्हेट कीज', 'सर्टिफिकेट साइनिंग रिक्वेस्ट्स', 'सर्टिफिकेट्स' असे टॅब दिसतील. दुसऱ्या टॅबवर जा आणि उजवीकडचं 'न्यू रिक्वेस्ट' दाबा. एक नवी खिडकी उघडेल, तिच्यात पुन्हा टॅब आहेत: 'सोर्स', 'सब्जेक्ट', 'एक्स्टेन्शन्स', 'की यूसेज' आणि आणखी काही. आपलं बहुतेक काम पहिल्या तीनमध्येच उरकतं.

'सोर्स'मध्ये खाली टेम्प्लेट निवडायची यादी आहे. तिथे 'टीएलएस सर्व्हर' निवडा. जुन्या आवृत्तीत त्याचंच नाव 'एचटीटीपीएस सर्व्हर' असं दिसेल. निवडलं आणि 'अप्लाय ऑल' दाबलं की वेबसाइटच्या सर्टिफिकेटला लागणारी तांत्रिक कलमं आपोआप भरली जातात. हे सगळ्यात आधी करा. आधी नाव-गाव भरून मग 'अप्लाय ऑल' दाबलंत तर कोऱ्या टेम्प्लेटबरोबर तुमचं भरलेलं पुसलं जातं. याच पानावर सिग्नेचर अल्गोरिदम 'एसएचए २५६' आहे ना, हे बघून घ्या. त्याच्या आधीच्या एसएचए १ वर ब्राउझरांनी २०१७ पासून विश्वास ठेवणं बंद केलं आहे. 'चॅलेंज पासवर्ड' नावाची एक चौकट आहे, ती कोरी सोडा. अनेकांना तो किल्लीचा पासवर्ड वाटतो. तसा तो नाही, आणि तिथे लिहिलेलं अर्जातून जसंच्या तसं बाहेर जातं.

नाव-गाव: इथेच अर्ज परत येतात

'सब्जेक्ट' टॅब हे अर्जाचं हृदय आहे, म्हणून इथे जरा थांबू. सगळं इंग्रजी अक्षरांत भरायचं.

'इंटर्नल नेम' फक्त तुमच्या खुणेसाठी असतं, अर्जात जात नाही. मी तिथे साइटचं नाव आणि साल लिहितो. पुढच्या वर्षी यादीत तीन सारखी नावं दिसली की या सालाचं मोल कळतं.

'कंट्री नेम' दोनच अक्षरी: आय आणि एन, दोन्ही कॅपिटल. 'इंडिया' असं पूर्ण लिहिलं तर ते चालत नाही. 'स्टेट ऑर प्रॉव्हिन्स'मध्ये उलट नियम आहे, तिथे 'एमएच' असं आखूड न लिहिता महाराष्ट्र पूर्ण लिहायचं.

'लोकॅलिटी' म्हणजे गाव किंवा शहर. सांगलीकरांची इथे हमखास गडबड होते. सांगली शहर मिरज तालुक्यात येतं, त्यामुळे नोंदणीच्या कागदावर 'ता. मिरज, जि. सांगली' असं असतं. महानगरपालिका सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तिघांची मिळून एक. कारखाना कुपवाड एमआयडीसीत, नोंदणीकृत कार्यालय विश्रामबागला, मालक मिरजेत. मग लिहायचं काय? उत्तर सोपं आहे: नोंदणीच्या कागदावर नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यात जे शहर आहे तेच, त्याच स्पेलिंगनं. साताऱ्याकडे हाच प्रश्न कराडची शाखा की साताऱ्याचं मुख्य कार्यालय, असा येतो. तिथेही शाखेचं गाव न लिहिता नोंदणीचं गाव लिहा.

'ऑर्गनायझेशन नेम' कागदावर आहे तसंच हवं. सहकारी संस्थांची नावं लांब असतात, शेवटी 'मर्यादित' आणि त्यापुढे गावाचं नाव येतं. बोर्डावर सुटसुटीत नाव रंगवलेलं असलं तरी अर्जात कागदावरचं हवं. सर्टिफिकेट संस्थेची खातरजमा करून मिळणारं, म्हणजे ओव्ही प्रकारचं असेल तर तपासणारा माणूस हे नाव सरकारी नोंदीशी ताडून बघतो आणि जुळलं नाही तर कागद मागत बसतो. फक्त डोमेन तपासून मिळणाऱ्या डीव्ही प्रकारात मात्र नाव-गाव पुढे सर्टिफिकेटमध्ये येतच नाही. तिथे डोमेन बरोबर असलं की काम भागतं.

'ऑर्गनायझेशनल युनिट' कोरं सोडा. पूर्वी तिथे 'आयटी विभाग' वगैरे लिहायची पद्धत होती. १ सप्टेंबर २०२२ पासून सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटमध्ये ही नोंद घालायलाच बंदी आहे. जुने मार्गदर्शक अजून ती भरायला सांगतात, तिकडे दुर्लक्ष करा. ईमेलची चौकटही कोरी चालते.

राहिलं 'कॉमन नेम'. इथे वेबसाइटचा मुख्य पत्ता जातो, उदाहरणार्थ तुमचंनाव डॉट इन. समोर 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरक्या रेघा नकोत, मागे तिरकी रेघ नको, पोर्टचा आकडा नको, मध्ये मोकळी जागा नको. मराठी अक्षरांतलं डॉट भारत डोमेन घेतलं असेल तर ते देवनागरीत न लिहिता त्याचं एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रूप लिहावं लागतं. ते रूप डोमेन विकत घेतलं त्या खात्यात दिसतं.

आता त्याच पानावर खाली 'जनरेट अ न्यू की' दाबा. छोटी खिडकी येईल. प्रकार आरएसए, लांबी २०४८ बिट. सर्व्हर बऱ्यापैकी नवा असेल तर 'ईसी' प्रकारातली पी-२५६ ही वक्ररेषाही उत्तम, किल्ली लहान आणि वेगवान. पण एखादं जुनं फायरवॉल किंवा बँकेचं जुनं सॉफ्टवेअर समोर असेल तर आरएसएच घ्या. १०२४ बिटला आता कुणी सर्टिफिकेट देत नाही. ४०९६ घेतलीत तर बिघडत नाही, फक्त सर्व्हरला काम जास्त पडतं. 'क्रिएट' दाबलं की किल्ली तयार झाली, तुमच्याच डेटाबेसमध्ये.

दुसरं नाव विसरू नका

'एक्स्टेन्शन्स' टॅबमध्ये 'सब्जेक्ट ऑल्टर्नेटिव्ह नेम' अशी ओळ आहे, बोलण्यात तिला सॅन म्हणतात. आज ब्राउझर साइटचं नाव इथेच शोधतो. क्रोमनं २०१७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या ५८ व्या आवृत्तीपासून 'कॉमन नेम'कडे बघणं सोडलं. म्हणजे मुख्य नावसुद्धा इथे पुन्हा लिहायचं.

ओळीच्या शेवटी 'एडिट' आहे. ते दाबून 'अॅड' करा, प्रकार 'डीएनएस' निवडा आणि नाव लिहा. प्रत्येक नावाला वेगळी ओळ. किमान दोन हवीत: तुमचंनाव डॉट इन, आणि तेच समोर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून. लोक दोन्ही प्रकारे पत्ता टाइप करतात, एकच नाव घातलं तर निम्म्यांना लाल पाटी दिसते. मेल किंवा ग्राहकांच्या लॉगिनचा वेगळा पत्ता असेल तर त्याची तिसरी ओळ. समोर तारांकन लावून वाइल्डकार्ड घेणार असाल तर लक्षात ठेवा, ते एकाच पायरीपुरतं चालतं आणि मूळ डोमेन त्यात येत नाही. मूळ डोमेनची ओळ वेगळी घालावीच लागते. ऑफिसातला १९२.१६८ नं सुरू होणारा आयपी पत्ता इथे टाकून उपयोग नाही, अशा अंतर्गत पत्त्याला सार्वजनिक संस्था सर्टिफिकेट देत नाहीत.

सांगली-साताऱ्यातल्या सहकारी बँकांत काम करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इन या डोमेनवर जायला सांगितलं, मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. हे डोमेन रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेल्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं. नव्या नावाचं सर्टिफिकेट घेतलं की काम संपलं, असं अनेकांना वाटतं. पण खातेदार अजून जुनाच पत्ता टाइप करतात, आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे सुरक्षितपणे वळवायचं तर जुन्या नावाचं सर्टिफिकेटही जिवंत असावं लागतं. नाहीतर वळण्याआधीच ब्राउझर धोक्याची पाटी दाखवतो, आणि बँकेच्या साइटवर अशी पाटी दिसली की म्हातारा खातेदार घाबरून थेट शाखेत येतो. म्हणून जुनं नाव हातात आहे तोवर त्याच्याही ओळी सॅनमध्ये घाला.

सगळं भरल्यावर 'ओके' दाबा. अर्ज यादीत दिसेल. लगेच पाठवू नका. त्यावर दोनदा क्लिक करून उघडा आणि नावं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. शक्यतो दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. दिवाणजींनी त्या दिवशी डोमेनमधला एक जास्तीचा 'ए' पकडला, मला दोनदा वाचूनही दिसला नव्हता.

बाहेर काढणं आणि पाठवणं

अर्ज निवडून 'एक्स्पोर्ट' दाबा, प्रकार 'पीईएम' ठेवा. तयार झालेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली की पाच आडव्या रेघा, मग 'बिगिन सर्टिफिकेट रिक्वेस्ट', पुन्हा पाच रेघा दिसतील. खाली अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचा ठोकळा, बहुधा एम, आय, आय या तीन अक्षरांनी सुरू होणारा, चौसष्ट-चौसष्ट अक्षरांच्या पंधरा-वीस ओळी. शेवटी तशीच 'एंड' ची ओळ.

ही पहिली ओळ वाचायची सवय लावून घ्या. तिथे 'सर्टिफिकेट रिक्वेस्ट' असेल तर फाइल मेलनं, व्हॉट्सअॅपनं, कशीही पाठवा, त्यात गुपित काही नाही. 'प्रायव्हेट की' हे शब्द दिसले, मग त्यांच्या आधी 'आरएसए' असो वा 'एन्क्रिप्टेड', तर ती फाइल कुणालाही पाठवायची नाही. सपोर्टवाल्यानं फोनवर मागितली तरी नाही. सर्टिफिकेट द्यायला किल्ली लागत नाही, त्यामुळे मागणाऱ्याला एकतर काम कळलेलं नाही किंवा त्याचा हेतू चांगला नाही. चुकून पाठवली गेलीच तर ती किल्ली टाकून द्या, नवी बनवा आणि जुनं सर्टिफिकेट रद्द करायला सांगा.

मजकूर चिकटवताना वर्ड किंवा चॅटमधून नेऊ नका. तिथे पाच लहान रेघांची एक लांब रेघ होते आणि कंपनीचं पान अर्ज वाचत नाही. नोटपॅडमधून थेट उचला, दोन्ही रेघांच्या ओळींसकट. चिकटवल्यावर बहुतेक कंपन्यांचं पान अर्ज उलगडून त्यातली नावं दाखवतं. तिथे 'पुढे' दाबण्याआधी पुन्हा एकदा वाचा. पुढे डोमेन तुमचंच असल्याची खातरजमा होते: ठरावीक पत्त्यावर ईमेल येतो, किंवा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या पत्त्यांच्या नोंदवहीत, एक नोंद घालावी लागते, किंवा साइटवर एक फाइल ठेवावी लागते. डीएनएसचा पासवर्ड कुणाकडे आहे हे अर्ज करण्याआधीच शोधून ठेवा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ त्या शोधात जातो, विशेषतः साइट बनवणारा पुण्याला नोकरीला गेलेला असला की.

सर्टिफिकेट आल्यावर

मेलमध्ये सहसा दोन गोष्टी येतात: तुमचं सर्टिफिकेट आणि मधल्या संस्थेचं इंटरमीजिएट सर्टिफिकेट. दोन्ही एक्ससीएच्या 'सर्टिफिकेट्स' टॅबमध्ये 'इम्पोर्ट' करा. तुमच्या सर्टिफिकेटवर दोनदा क्लिक केलं की तपशिलात 'की'च्या जागी तुमच्या किल्लीचं नाव दिसलं पाहिजे. दिसलं म्हणजे जोडी जुळली. ही खात्री सर्व्हरला हात लावण्याआधी होते, हा या साधनाचा मला सर्वांत आवडलेला गुण. मार्चमधल्या त्या सकाळी ही एक चौकट आधी कुणी बघितली असती तर पेढीची धावपळ वाचली असती.

विंडोज सर्व्हर किंवा टॉमकॅट असेल तर सर्टिफिकेट निवडून 'पीकेसीएस १२ चेन' प्रकारात एक्स्पोर्ट करा. किल्ली, सर्टिफिकेट आणि मधली साखळी एकाच पासवर्डबंद फाइलमध्ये मिळते. अपाचे किंवा एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरना वेगवेगळ्या फाइली लागतात. तिथे 'प्रायव्हेट कीज' टॅबमधून किल्ली साध्या 'पीईएम' प्रकारात काढावी लागते, कारण पासवर्डबंद किल्ली दिली तर सर्व्हर प्रत्येक वेळी सुरू होताना पासवर्ड मागत थांबतो. ही उघडी फाइल एससीपीसारख्या सुरक्षित मार्गानंच सर्व्हरवर न्या, तिथे फक्त रूटला, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्याला, वाचता येईल अशी परवानगी ठेवा, आणि आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत लगेच पुसा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. मूळ किल्ली डेटाबेसमध्ये आहेच.

एनजिनएक्समध्ये तुमचं सर्टिफिकेट वर आणि इंटरमीजिएट त्याच्या खाली, अशी एकच फाइल लागते. इंटरमीजिएट विसरलं तर मजा बघा: ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर साइट छान उघडते, आणि मोबाइल अॅप किंवा एखादा अँड्रॉइड फोन मात्र नकार देतो. म्हणून तपासणी नेहमी फोनवर करा, ऑफिसचं वायफाय बंद करून.

पुढची तारीख

सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत आता झपाट्यानं कमी होत चालली आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून ती ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असं वेळापत्रक ठरलेलं आहे. साध्या वेबसाइटला लेट्स एन्क्रिप्टसारखी मोफत आणि आपोआप नवं होणारी व्यवस्था लावता येत असेल तर ती जरूर लावा. तिथेही किल्ली तुमच्याच सर्व्हरवर बनते, अर्ज सॉफ्टवेअर स्वतः करतं. हातानं सीएसआर बनवायची गरज मग फायरवॉल, मेल सर्व्हर, ओव्ही सर्टिफिकेट आणि बँकेच्या एपीआयला जोडण्यासाठी लागणारं क्लायंट सर्टिफिकेट अशा ठिकाणी उरते. शेवटच्यासाठी टेम्प्लेट 'टीएलएस क्लायंट' घ्यायचं, बाकी रीत हीच. दर वेळी किल्ली नवी बनवा, जुन्याच किल्लीवर वर्षानुवर्षं अर्ज करत राहू नका. आणि तारीख एकाच माणसाच्या फोनमध्ये न ठेवता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, मुदतीच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनात लाल पेननं लिहा.

डेटाबेसची प्रत

डॉट एक्सडीबी फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. तिच्यातल्या किल्ल्या पासवर्डबंद आहेत, त्यामुळे प्रत ठेवायला भीती नाही, फक्त पासवर्डाचं पाकीट आणि पेनड्राइव्ह एकाच खणात नकोत. आणि जागा विचारपूर्वक निवडा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तळमजल्यावरच्या किती कार्यालयांचे कॉम्प्युटर, यूपीएस आणि कपाटातले बॅकअप एकत्रच पाण्यात गेले, हे सांगलीत कुणाला सांगायला नको. पेढीच्या डेटाबेसची एक प्रत आता दिवाणजींच्या मुलीकडे साताऱ्याला असते. दर नूतनीकरणानंतर ते नवा पेनड्राइव्ह तिच्याकडे पाठवतात आणि जुना परत मागवतात. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून त्यावर शाईनं तारीख लिहिलेली असते.